हजार वाचक, दोन वडापाव

मानसरोवर स्टेशनातून बाहेर पडताना, रिक्षाच्या पाठीवर किंवा इन्स्टाच्या दोन रीलच्या मधे, कुठे ना कुठे ती जाहिरात तुम्ही पाहिलीच असेल. 'घरबसल्या कमवा! ब्लॉगिंग शिका, महिना पन्नास हजार, अनुभवाची गरज नाही.' सीएसएमटीहून हार्बरला लटकत आलेल्या माणसाला त्यातले 'पन्नास हजार' एक वेळ खोटे वाटतील, पण 'घरबसल्या' हा शब्द मात्र थेट काळजाला भिडतो. रोजचे तीन-तीन तास लोकलमध्ये घालवणाऱ्याचं मन मग म्हणतं, बघूया तरी.

बघाच. मी ब्लॉगच्या विरोधात अजिबात नाही. उलट माझं म्हणणं असं, की कामोठ्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या आणि मराठीत बरं लिहिणाऱ्या पोरापोरींनी ब्लॉग काढावा आणि त्यातून पैसेही कमवावेत, अजिबात न लाजता. फक्त ती जाहिरात दाखवते त्या वाटेनं नको. त्या वाटेवर पैसे आहेत, पण ते कोर्स विकणाऱ्याला.

आधी हिशेब करू. ब्लॉगच्या कमाईचं नाव काढलं की सगळे एकच शब्द उच्चारतात, अॅडसेन्स. गुगलनं ही सोय २००३ मध्ये सुरू केली. तुमच्या पानावर गुगल जाहिराती लावतं आणि जाहिरातदारानं दिलेल्या १०० रुपयांतले साधारण ६८ तुमच्याकडे येतात. ऐकायला भारी आहे. आता समजा, तुमचं पान हजार वेळा पाहिलं गेलं की तुमच्या वाट्याला ४० रुपये येतात. (आकडा समजुतीसाठी घेतलाय. विषय कोणता, महिना कोणता, वाचक कुठला, यावर तो रोज खालीवर होतो.) ४० रुपये म्हणजे हजार वाचकांमागे दोन वडापाव. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत गुगल पैसे पाठवत नाही. १०० डॉलर म्हणजे साधारण नऊ हजार रुपये धरले, तर त्यासाठी तुमची पानं सव्वादोन लाख वेळा पाहिली जायला हवीत. म्हणजे वर्षभर रोज सहाशेहून जास्त वेळा, दिवाळी-होळी धरून. आणि वर्षाच्या शेवटी हातात नऊ हजार. तेही तुम्ही सातत्यानं लिहिलंत तर, आणि लोकांनी वाचलं तर.

त्याआधी अजून एक गंमत आहे. खात्यात पहिले १० डॉलर जमले की गुगल तुमच्या घरच्या पत्त्यावर साध्या टपालानं एक पत्र पाठवतं. आत एक पिन असतो. तो भरला की पत्ता खरा ठरतो. जगातली एवढी मोठी कंपनी, आणि तिचा सगळा भरवसा आपल्या पोस्टमनवर! कामोठ्यात राहत असाल तर यातली मजा वेगळी सांगायला नको. सेक्टर, प्लॉट नंबर, सोसायटीचं नाव, विंग. त्यात एकाच नावाच्या दोन सोसायट्या, आणि बिल्डिंगखालच्या लेटरबॉक्सला कुलूप नाही. पत्र हरवलं तर पुन्हा मागवता येतं, पण पत्ता लिहिताना तो सिडकोच्या भाषेत नीट लिहा एवढंच.

आणि एक काम चुकूनही करू नका. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'माझा ब्लॉग वाचा आणि जाहिरातीवर एकदा क्लिक करा ना प्लीज' असं टाकू नका. शेजारच्या काकू प्रेमानं रोज सकाळी चार क्लिक करतील आणि गुगल तुमचं खातं बंद करून टाकेल. असे मागून घेतलेले क्लिक नियमात बसत नाहीत, आणि काकूंचं प्रेम त्यांच्या मशीनला कळत नाही.

आता भाषेचा प्रश्न, जो मला खरा बोचतो. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटी ३० लाख होते. तरी अॅडसेन्सच्या अधिकृत भाषांच्या यादीत मराठी आली ती थेट २०१८ मध्ये. हिंदी २०१४ च्या डिसेंबरातच आली होती. म्हणजे मराठीत ब्लॉगची पहिली मोठी लाट आली, स्टार माझा वाहिनीनं 'ब्लॉग माझा' स्पर्धा घेतली, लोक नोकरी सांभाळून रात्री जागून लिहीत होते, त्या सगळ्या काळात मराठी पानावर अधिकृतपणे जाहिरात लावून कमवायची सोयच नव्हती. त्या लोकांनी फुकट लिहिलं. फार चांगलं लिहिलं. आणि मग लग्न, मुलं, प्रमोशन, फेसबुक यात ते ब्लॉग एकेक करून थांबले. कितीतरी पानांवर शेवटची नोंद दहा-बारा वर्षांपूर्वीची दिसते आणि खाली कुणीतरी विचारलेलं असतं, 'पुढचा भाग कधी?'

सोय झाल्यावरही भाव कमीच राहिला. जाहिरातीची जागा लिलावात विकली जाते. बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअरवाले ज्या वाचकासाठी जास्त बोली लावतात, तो वाचक त्यांच्या लेखी इंग्रजीत वाचतो. हा समज चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. कामोठ्यातल्या फ्लॅटचा हप्ता भरणारा माणूस मराठीत वाचतो, पण लोन त्याच बँकेचं घेतो ना? तरी लिलाव आपल्या मताला विचारून होत नाही. त्यामुळे कोर्सवाले सांगतात, 'मराठी सोड, इंग्रजीत लिही.' काही जण ऐकतात. मग कामोठ्यात बसून कुणीतरी अमेरिकेतल्या माणसाला गवत कापायचं मशीन कोणतं घ्यावं हे सांगत असतो. ज्याच्या गॅलरीत एक तुळस आहे आणि ती पण आईची, त्यानं लॉनवर लिहायचं!

जे मराठीतच राहतात त्यांच्यापुढे दुसरा मोह असतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा 'अर्ज कसा करायचा', 'यादीत नाव कसं बघायचं', 'हप्ता कधी येणार' अशी पानं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. बहुतेकांमध्ये मजकूर तोच, फक्त हेडिंग वेगळं. 'हप्ता आज जमा होणार?' असा प्रश्न हेडिंगमध्ये, आणि खाली सात परिच्छेद वाचल्यावर कळतं की लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही. मधल्या प्रत्येक परिच्छेदानंतर एक जाहिरात. दीड हजारांची वाट बघणाऱ्या एखाद्या बाईनं मोबाइलचा डेटा खर्च करून ते सात परिच्छेद वाचलेले असतात. याला ब्लॉगिंग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ही कमाई असते तिच्या काळजीवर.

शिवाय हे टिकतही नाही. मार्च २०२४ मध्ये गुगलनं घाऊक प्रमाणात तयार केलेल्या निकस मजकुराविरुद्ध नियम कडक केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून भारतात शोधाच्या निकालांवर एआयनं लिहिलेली उत्तरं दाखवायला लागलं, सुरुवात इंग्रजी आणि हिंदीपासून. प्रश्नाचं उत्तर वरच मिळालं तर खालच्या पानावर कशाला कोण जाईल? जे लिखाण चार ठिकाणचं जोडून झालं होतं, ते आता मशीन तुमच्याहून लवकर जोडतं. सेक्टरमधल्या कुठल्या मेसमध्ये रविवारी संध्याकाळी जेवण मिळत नाही, हे मात्र तिथे जेवणाऱ्यानं सांगितल्याशिवाय मशीनला कळायचं नाही. माझी सगळी आशा या एका वाक्यावर आहे.

'मग ब्लॉगच कशाला, रील करतो की' असं तुम्ही म्हणाल. करा. पण दोन तारखा लक्षात ठेवा. २९ जून २०२० च्या रात्री सरकारनं ५९ अॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. गावोगावच्या पोरांनी लाखालाखांचे फॉलोअर जमवले होते, ते एका रात्रीत गेले. दुसरी तारीख एप्रिल २०२३ ची. फेसबुकनं बातम्या-लेखांसाठीची 'इन्स्टंट आर्टिकल्स' ही सोय बंद केली. त्याआधी काही वर्षं मराठीतली कित्येक पानं फेसबुकवरून येणाऱ्या वाचकांवरच जगत होती. दोन्हीकडे दुकान चांगलं चाललं होतं, पण जागा भाड्याची होती आणि भाडेकराराचा कागद कुणी वाचलाच नव्हता. नवी मुंबईत अकरा महिन्यांचा करार संपला की सामान घेऊन दुसऱ्या सेक्टरला जाणाऱ्यांना हे वेगळं समजावायची गरज नाही. स्वतःच्या नावाचा डोमेन घेतला, तर त्यावरचं लिखाण आणि वाचकांचे ईमेल पत्ते तुमच्याबरोबर येतात. रील हे त्या दुकानाचं हँडबिल समजा.

मग कमावतं कोण? आग्र्याचे अमित अग्रवाल यांचं नाव भारतातल्या पहिल्या पूर्णवेळ ब्लॉगरांमध्ये घेतलं जातं. आयआयटी रुडकीतून शिकले, नोकरी केली आणि २००४ मध्ये घरून तंत्रज्ञानाचा ब्लॉग सुरू केला. जाहिरातींचे पैसे मिळालेच, पण पुढे ते गुगलच्या जीमेल आणि शीटला जोडून वापरायची छोटी सॉफ्टवेअर बनवून विकायला लागले. वर्षानुवर्षं फुकट अडचणी सोडवून दिल्या, त्याच लोकांना पुढे त्या अडचणीवरचं औजार विकलं. मराठीत सलिल चौधरींचं 'नेटभेट' बघा. ब्लॉग म्हणून सुरुवात आणि पुढे मराठीतून ऑनलाइन कोर्स. मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये यूट्यूबवर पाककृती दाखवायला सुरुवात केली. आज त्यांच्या नावाचे मसाले विकले जातात. माध्यमं वेगळी, पण गोष्ट एकच दिसते. आधी लोकांचा विश्वास बसला, मग लोकांनी त्या माणसाकडून काहीतरी विकत घेतलं. जाहिरातीचे पैसे म्हणजे वरची कोथिंबीर.

हे सगळे मोठे झाले ते लाखो लोकांपर्यंत पोचून, हे मान्य. पण लाखोंचा नाद जरा बाजूला ठेवा. तुम्हाला दोनशे माणसं पुरतात. दोनशे लोकांनी महिन्याला तीस रुपये दिले तर सहा हजार होतात. वरच्या चाळीस रुपयांच्या हिशेबानं तेवढेच पैसे जाहिरातीतून मिळवायला दर महिन्याला दीड लाख वेळा पान उघडावं लागेल. दीड लाख अनोळखी माणसं गोळा करणं सोपं, की ओळखीची दोनशे? कामोठ्यात एखाद्या मोठ्या सोसायटीच्या चार विंगमध्येच दोनशे कुटुंबं निघतात.

'मराठी माणूस वाचायला पैसे देत नाही' हे वाक्य इथे हमखास येतं. मला ते पटत नाही. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरं दरवर्षी पैसे मोजून अंक घेताहेत. फराळासोबत वाचन विकत घ्यायची असली हौस आपल्याकडे शतकाहून जुनी आहे. त्या अंकांत जाहिराती नसतात का? असतात, पुष्कळ असतात. पण जाहिरात कुठे संपते आणि कथा कुठे सुरू होते हे वाचकाला दिसतं. आणि मुख्य म्हणजे, अंकावर किंमत छापलेली असते. ब्लॉगवाल्यानं कधी किंमत सांगितलीच नाही, मग वाचक देणार कशी? स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याच्या गाडीवर, भाजीवालीच्या टोपलीवर यूपीआयचा क्यूआर कोड आहे. तुमच्या लेखाखाली का नाही? 'आवडलं तर वीस रुपये पाठवा' लिहायला लाज वाटते, पण अनोळखी कंपनीची ढेकर थांबवायची गोळी लेखाच्या मधोमध नाचवायला वाटत नाही, हा कुठला न्याय?

अर्थात, लोक पैसे देतील ते कामाच्या गोष्टीला. आणि कामोठ्यात लिहिण्यासारखं काय आहे असं विचारणाऱ्यानं एकदा नीट गाव फिरावं. एमजीएममध्ये शिकायला बाहेरगावाहून पोरं येतात. खोली कुठे, डिपॉझिट किती, मुलींना रात्री परतताना कुठला रस्ता बरा, मेस कुठली, हे त्यांना कुणी नीट लिहून दिलेलं नसतं. सिडकोच्या लॉटरीची कागदपत्रं, फ्लॅट ट्रान्सफरची पायरी-पायरी, पनवेल महापालिका २०१६ मध्ये झाल्यानंतर मालमत्ता कराचा जो घोळ सिडको वसाहतींमध्ये झाला तो साध्या भाषेत. एवढ्यावरच वर्षभर लिहिता येईल. आणि हे कोरडं वाटत असेल तर थंडी पडली की पोपटीवर लिहा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, चिकन, आणि भोवती जाळ. मुंबईहून एका रात्रीसाठी पोपटी खायला येणारे लोक पैसे देऊन येतात. त्यांना कुणाकडे जायचं हे सांगणारा, आणि एखाद्या शनिवारी स्वतः वीस जणांना जमवणारा ब्लॉगवाला वर्षभराची अॅडसेन्सची कमाई एका रात्रीत काढू शकतो. कर्नाळ्याच्या अभयारण्यात पहाटे पक्षी बघायला नेणारा असू शकतो. आगरी लग्नात धवला म्हणणाऱ्या धवलारणींची गाणी त्यांच्याकडे बसून, त्यांना विचारून, त्यांचा मान ठेवून लिहून घेणारीही असू शकते. विनायक माळीच्या आगरी बोलीतल्या व्हिडिओंवर महाराष्ट्र हसतो, म्हणजे ही बोली ऐकायला लोक तयार आहेत. कॉम्प्लेक्स उठत चाललेत आणि गावठाणातली म्हातारी माणसं कमी होताहेत. ते काम कोण करणार?

आता ज्या गोष्टीची मला भीती वाटते तिच्याकडे येतो. ब्लॉग जरा चालायला लागला की पहिला फोन हॉटेलवाल्याचा येतो. 'या, थाळी फुकट, छान लिहा.' इथपर्यंत एक वेळ ठीक. फार तर कुणाची पनीर मसाल्याच्या बाबतीत फसगत होईल. दुसरा फोन येतो तो प्लॉटवाल्याचा. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या भागात सगळं काही 'विमानतळापासून दहा मिनिटं' झालेलं आहे. कुठल्या गाडीनं, कुठल्या रस्त्यानं, हे विचारायचं नाही. सिडकोच्या नैना क्षेत्रातली एखादी जमीन, चुन्याची फक्की मारून पाडलेले तुकडे, 'लवकरच एनए होणार' अशी तोंडी हमी, आणि तुम्हाला निरोप, 'भाऊ, एक लेख लिहा, दोन फोटो टाका, पाच हजार जीपे करतो.' पाच हजार म्हणजे आपल्या हिशेबात सव्वा लाख वेळा पान उघडलं जाण्याइतके पैसे. एका दुपारी! मोह कुणालाही होईल.

पण समोरच्या बाजूनं बघा. तो लेख वाचणारा कोण आहे? माथाडीतून किंवा एखाद्या कंपनीतून रिटायर झालेला, पीएफचे पैसे हातात आलेला, भाड्याच्या वन आरकेत तीस वर्षं काढलेला माणूस. तो मोठ्या वेबसाइटवर विश्वास ठेवत नाही. तुमच्यावर ठेवतो, कारण 'हा आपल्याच सेक्टरमधला पोरगा आहे, मराठीत लिहितो.' तुमच्या ब्लॉगची सगळी किंमत या वाक्यात आहे, आणि प्लॉटवाला नेमकं तेच पाच हजारांत विकत मागतोय. उद्या त्या जमिनीचा सातबारा भलत्याच्याच नावावर निघाला तर मोठी वेबसाइट 'आम्ही जबाबदार नाही' म्हणून मोकळी होईल. तुम्ही लिफ्टमध्ये भेटाल.

कायदाही आता झोपलेला नाही. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन लिहिलं तर तसं स्पष्ट सांगायला हवं, हे जाहिरात क्षेत्रातल्या एएससीआय या संस्थेनं २०२१ मध्ये सांगितलं आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा बजावलं. भ्रामक जाहिरातीत साथ दिल्याचं सिद्ध झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. घरांच्या प्रकल्पांच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. एजंटचीही नोंदणी लागते. त्यामुळे फोन आला की शांतपणे म्हणायचं, 'दादा, महारेरा नंबर पाठवा.' बरेचसे फोन तिथेच कट होतात. आणि जो नंबर पाठवेल, त्याच्याकडून पैसे घ्यायचे असतील तर लेखाच्या अगदी वर, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा, 'ही जाहिरात आहे, मला पैसे मिळाले आहेत.' खाली कोपऱ्यात, करड्या रंगात, इंग्रजीत नको. माझं वैयक्तिक मत विचाराल तर जमीन आणि औषध या दोन विषयांवर पैसे घेऊन लिहूच नये, नंबर असो वा नसो.

कराबद्दल थोडक्यात. बाहेरून डॉलर आले म्हणून ते अदृश्य नसतात. बँकेत नोंद होते आणि ते उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. १ जुलै २०२२ पासून एखाद्या कंपनीनं वर्षात २० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू तुम्हाला कामाबद्दल भेट दिल्या, तर त्यावरही १० टक्के टीडीएस कापायचा नियम आहे. म्हणजे फुकट आलेला फोनही पूर्ण फुकट नाही. वय अठरा पूर्ण नसेल तर अॅडसेन्सचं खातं आई-बाबांच्या नावानं काढावं लागतं, आणि मग पैशांचा मालक कोण यावर घरात जी चर्चा होईल ती तुमची तुम्ही बघा.

राहिला नोकरी सोडायचा प्रश्न. सोडू नका. निदान वर्षभर नाहीच. ब्लॉगला विषय मिळतात ते तुम्ही लोकांत असता म्हणून; लोकलमध्ये, कॉलेजात, दवाखान्याच्या रांगेत. घरात कोंडून घेऊन 'आज काय लिहू' असं छताकडे बघत बसलात, तर चौथ्या आठवड्यात तुम्हीही हप्ता कधी येणार यावर सात परिच्छेद लिहायला लागाल. त्यापेक्षा आठवड्याला एकच लेख, पण असा की तो वाचून कुणाचा तरी एक हेलपाटा वाचला पाहिजे किंवा एक संध्याकाळ बरी गेली पाहिजे. सहा महिन्यांनी क्यूआर कोड टाका. पहिल्या महिन्यात सात जण पैसे पाठवतील, त्यातली एक मावशी असेल. चालेल.

कोर्सची फी भरणार होतात ना, त्यातले काही शे रुपये काढून आधी डोमेन घ्या. घेताना तो स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावानं घ्या. 'माझा मित्र आयटीत आहे, तो करून देतो' म्हणणाऱ्याच्या ईमेलवर नको. मित्र पुण्याला शिफ्ट होतो, पासवर्ड विसरतो, आणि नूतनीकरणाची तारीख निघून जाते.